सुईचं नेढं

माझ्या डायरीच्या पुठ्ठ्यात तेवीस वर्षं एक सुई खोचलेली होती. सोबत पांढऱ्या दोऱ्याचा वीतभर तुकडा. मिरचीच्या सीड प्लॉटवर क्रॉसिंगसाठी बाया घ्यायच्या असल्या की मी ती काढायचो आणि समोर उभ्या असलेल्या बाईला म्हणायचो, "ताई, एवढा दोरा ओवून द्या." काही हसायच्या, काही शेजारणीकडं बघून पदर तोंडाला लावायच्या. जिनं दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं केलं, चिमटीत पीळ दिला आणि एका दमात नेढ्यातून काढलं, ती क्रॉसिंगला. जी दोन-तीनदा चुकली ती खुरपणीला. क्रॉसिंगचा रोज खुरपणीहून जास्त, म्हणजे त्या नेढ्यातून बाईचा आठवड्याचा बाजारही जायचा. हे मला बरीच वर्षं दिसलं नाही.

परभणीच्या कृषी विद्यापीठातून पदवी घेऊन १९९९ साली मी जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत लागलो. जालन्याच्या माणसाला बियाण्याची नोकरी म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथंच महिकोची सुरुवात केली. त्याआधी स्वतःच्या शेतात पुसा सावनी भेंडीचं बी धरण्यापासून त्यांचं हे काम सुरू झालं होतं. १९९८ साली त्यांना वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं. परभणीच्या वसतिगृहात आम्ही पोरं ती बातमी एकमेकांना वाचून दाखवत होतो, आणि आपणही जालन्यात जायचं हे मी तेव्हाच ठरवलं. पुढं या शहरात बियाण्यांच्या कितीतरी कंपन्या झाल्या. औद्योगिक वसाहतीत एका बाजूला सळया लाटणाऱ्या रोलिंग मिल, दुसऱ्या बाजूला बियाण्यांची गोदामं. शेतात बी तयार करायचं काम मात्र गोदामापासून लांब, जाफराबाद, भोकरदन आणि शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या देऊळगाव राजा भागातल्या शेडनेटमध्ये. माझा भाग तोच. मोटारसायकल, डायरी, भिंग, चिमटा, आणि सुई.

सुईची युक्ती माझ्या पहिल्या वरिष्ठांनी शिकवली होती. ती त्यांनी का काढली हे कळायचं तर मिरचीची कळी हातात घ्यायला हवी. उमलायच्या आदल्या दिवशी ती पांढरी, फुगीर होते. चिमट्यानं पाकळ्या अलगद उघडायच्या आणि आतले पाच-सहा पुंकेसर, ते फुटून पराग सांडायच्या आत, एकेक करून उपटायचे. मधला स्त्रीकेसर जागचा हलता कामा नये. दुसऱ्या दिवशी सकाळी नराच्या झाडाचा पराग त्याच्यावर लावायचा आणि खुणेचा दोरा बांधायचा. हेच क्रॉसिंग. असं एक फूल, मग दुसरं, मग तिसरं. दिवसाला शेकड्यांनी फुलं, आणि असे सहा-सात आठवडे. हल्ली काही वाणांत नरवंध्य मादी आली आहे, तिथं पुंकेसर काढायचं काम वाचतं, पण पराग लावायला बाईचा हात लागतोच.

या कामात चुका दोन तऱ्हेच्या. चिमट्याचं टोक स्त्रीकेसराला लागलं तर फूल गळतं. ही चूक दिसते, झाडाखाली पडलेली असते. दुसरी चूक म्हणजे एखादा पुंकेसर आत राहून जाणं. मग फूल स्वतःच्याच परागानं फळतं. त्या फळाला आम्ही सेल्फ म्हणतो. बाहेरून ते इतर फळांसारखंच, लालही तसंच होतं. त्यातलं बी बाकीच्या बियात मिसळलं की जगातली कुठलीही चाळणी ते वेगळं काढू शकत नाही. संकरित मिरचीच्या दहा ग्रॅमच्या पाकिटात दीड हजारांच्या आसपास बिया असतात. त्यातल्या चुकीच्या बिया कुणाच्या तरी रानात चार महिन्यांनी, खत-पाणी-फवारणी खाऊन झाल्यावर, आपलं खरं रूप दाखवतात.

ते होऊ नये म्हणून प्रत्येक लॉटचा नमुना पेरून, रोपं वाढवून, वेगळी किती निघतात ते मोजतात. आम्ही त्याला जीओटी म्हणतो. शंभरात दोनाहून जास्त वेगळी निघाली तर आमच्याकडं लॉट नापास. नापास लॉटचं बी बियाण्याच्या भावानं जात नाही. माझ्या दुसऱ्याच वर्षी भोकरदन तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा लॉट नापास झाला. त्यानं शेडनेटसाठी कर्ज काढलं होतं, मुलीचं लग्न उन्हाळ्यात धरलं होतं. निकालाचा कागद घेऊन मीच त्याच्या घरी गेलो. त्यानं कागद वाचला, घडी घातली, आणि चहा ठेवायला सांगितला. त्या घरात चहा पिताना मला पहिल्यांदा समजलं की माझी खरी नोकरी कळी तपासायची नाही. कळीवर वाकलेल्या बाईला नेमायची आणि टिकवायची आहे.

आणि ती बाई कंपनीच्या कुठल्याच हजेरीपुस्तकात नव्हती. कंपनीचा करार ऑर्गनायझरशी, ऑर्गनायझरचा शेतकऱ्याशी, आणि शेतकरी मुकादमाकडून बाया आणायचा. आमच्या बियाण्याची सगळी शुद्धता जिच्या बोटांवर, तिला आम्ही ओळखतही नव्हतो. इतकी उलटी रचना मी दुसऱ्या धंद्यात पाहिली नाही. त्या रचनेचा भाग होऊन मी पगार घेतला, म्हणून बाहेरून बोट दाखवायचा हक्क मला नाही.

सुरुवातीची पाच-सहा वर्षं माझं सगळं लक्ष निवडीवर होतं. चांगला हात शोधायचा. शोधलेला हात आठ दिवसांत शिकायचा, पंधराव्या दिवशी कळी बघून न सांगता चिमटा चालायचा, आणि विसाव्या दिवशी बाई यायचीच नाही. शेजारच्या प्लॉटवाल्यानं दहा रुपये वाढवलेले असायचे. मग आम्ही दहा वाढवायचो, तो पंधरा. भर क्रॉसिंगमध्ये सकाळी सात वाजता बायांनी भरलेली ॲपे रिक्षा आपल्या बांधावरून पुढं निघून जाते, तेव्हा शेतकऱ्याचा चेहरा बघवत नाही. झाडावर कळ्या तयार असतात. कळी उद्यावर थांबत नाही.

दिवाळी उलटली की आणखी एक ओढ. आमच्या जिल्ह्यातून, विशेषतः मंठा, घनसावंगी, अंबड, परतूरकडून, माणसं ऊसतोडीला जातात. मुकादमानं उचल आधीच दिलेली असते. उचल घेतली की नवरा-बायको मिळून एक कोयता. त्या कोयत्यातली बाई आपल्या प्लॉटवरची कितीही गुणी असो, तिची दिवाळीनंतरची बोटं आधीच विकली गेलेली असतात. उचलीशी कशानं स्पर्धा करायची? घरात दवाखाना निघाला, छपराचे पत्रे उडाले, तर रोख रक्कम त्या दिवशी लागते. आमच्याकडं पैसे आठवड्यानं, तेही ऑर्गनायझरचा हप्ता आला तर.

एका वर्षी मी रोज वाढवायचं सोडून दिलं आणि सोडून गेलेल्या बायांच्या घरी जायला लागलो. संध्याकाळी, भाकरीच्या वेळेच्या आधी. पुरुष माणूस एकटा कसा जाणार, म्हणून प्लॉटमालकाच्या बायकोला सोबत घ्यायचो. विचारायचं एवढंच की काऊन सोडलं?

पैसा हे उत्तर मला वाटलं होतं त्याच्या निम्म्यानंही आलं नाही. एकीनं सांगितलं, तुमचे पैसे बाजाराच्या दुसऱ्या दिवशी मिळतात, बाजार उधारीवर करावा लागतो, अन् उधारीत दुकानदार भाव लावतो. दुसरी म्हणाली, रिक्षावाला पिऊन येतो. तिसरीचं लेकरू अंगावरचं होतं. दुपारी एकदा पाजायला घरी जाऊ देत नाहीत म्हणून सोडलं. चौथी बराच वेळ काही बोलेना. मग प्लॉटमालकीण बाईला आत घेऊन गेली, आणि बाहेर येऊन तिनं मला सांगितलं. शेडनेटच्या आसपास आडोसा नाही. सगळीकडं उघडं रान आणि रस्ता. म्हणून बाया सकाळपासून पाणीच पीत नाहीत. जाळीखाली उकाडा, अंगात लुगड्यावर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि पाणी नाही. दोन बायांना लघवीची जळजळ लागून दवाखाना झाला होता.

जुनी जाळी आणि चार बांबू, एवढ्यात आडोसा झाला. शेतकऱ्याच्या अर्ध्या दिवसाचं काम. सहा वर्षं मी त्या प्लॉटवर जात होतो, तिथंच जेवत होतो, आणि माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं. पैसे बाजाराच्या आदल्या संध्याकाळी द्यायचे, एवढ्यासाठी मात्र मला ऑर्गनायझरशी, मग कंपनीच्या हिशेब विभागाशी दोन हंगाम भांडावं लागलं. ते मिळालं तेव्हा शेजारच्या प्लॉटवर रोज आमच्यापेक्षा दहा रुपये जास्त होता, तरी आमची रिक्षा पुढं गेली नाही.

आता जे सांगायचं आहे ते सांगताना अजून जड जातं. त्या वर्षांत प्लॉटवर लहान मुली असायच्या. दहा-बारा वर्षांच्या. मुकादम म्हणायचा, पोरीची बोटं बारीक, नजर तेज, रोज अर्धा. शेतकऱ्याला परवडायचं, आईलाही घरी दोन पैसे जास्त जायचे. १९८६ चा बालकामगार कायदा होता, पण त्यातली मनाई यादीतल्या धोक्याच्या कामांपुरती होती. चौदा वर्षांच्या आतल्या मुलांना जवळपास सगळ्याच कामांवर बंदी आली ती २०१६ च्या दुरुस्तीनं. कायदा नव्हता हे कारण मी स्वतःला द्यायचो. एका मुलीला मी सुई दिली होती, हे मला आठवतं. तिनं माझ्याकडं न बघता एका झटक्यात दोरा ओवला आणि पुन्हा ओवून दाखवू का म्हणून विचारलं. मी तिला क्रॉसिंगला घेतलं. तीन आठवड्यांनी तिची शाळा विचारली, तर चौथीनंतर सोडलेली. तिला प्लॉटवर आणलं होतं ते मुळात धाकट्या भावाला सांभाळायला, आईला काम करता यावं म्हणून. मग तो झाडाखाली झोपला की ती चिमटा घ्यायची.

त्या दिवसापासून मी मुलींना घेणं बंद केलं. पुष्कळ उशिरा केलं. नुसती बंदी घातली तर आईही जाणार, हेही दिसत होतं. म्हणून बांधावरच्या निंबाला दोन पाळणे बांधले आणि एका बाईला पूर्ण रोजानं लेकरं सांभाळायला ठेवलं. ही बाई सुईच्या परीक्षेत नापास झालेली. वय पंचेचाळीसच्या पुढं. पुढं तिचा उल्लेख पुन्हा येईल.

आता मामींबद्दल. सगळे प्लॉट त्यांना मामीच म्हणायचे. जाफराबाद तालुक्यातल्या एका गावातून त्या अठरा बायांची टोळी घेऊन यायच्या. मी नोकरीला लागलो तेव्हा त्यांची तिशी नुकतीच उलटली असावी. माझ्या आयुष्यात मी असा हात पाहिला नाही. कळी उघडताना त्यांचा चिमटा हलतोय हे कळायचंच नाही, जणू कळी आपसूक उघडली. नव्या पोरींना त्या बोलून शिकवत नसत. स्वतःच्या तळहातावर कळी ठेवून, तिचा हात धरून करून घ्यायच्या. मी कंपनीच्या बैठकीत जे प्रशिक्षणाचे आकडे मांडायचो त्यातले निम्मे मामींचे होते.

२०११ च्या हंगामात त्यांच्या ओळींत गळ वाढली. आधी मला वाटलं थ्रिप्स असतील, मग वाटलं उष्णता. शेजारच्या ओळींत गळ नव्हती. भिंग लावून मी त्यांची फुलं तपासली तर स्त्रीकेसराचे शेंडे मोडलेले, आणि चार-पाच फुलांत पुंकेसर तसेच. मला घाम फुटला. शेतकऱ्याला जीओटीची धास्ती, त्यानं आधीच तक्रार केली होती की मामीचं लक्ष राहिलं नाही, घरी सुनेशी वाद चाललाय म्हणतात. मी चौकशी केली नाही. त्याच दुपारी मामींना सांगितलं, उद्यापासून खुरपणीला जा. त्या काही बोलल्या नाहीत. चिमटा पुसला, माझ्या हातात दिला, आणि ओळीतून बाहेर गेल्या.

दुसऱ्या दिवशी रिक्षा रिकामी आली. अठराजणींपैकी एकही नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. कळ्या उमलून पांढऱ्या फुलांनी प्लॉट भरला. इतका सुंदर दिसत होता, आणि त्यातलं प्रत्येक फूल म्हणजे हातचं गेलेलं फळ.

मी मामींच्या घरी गेलो. त्या ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. सूप मांडीवर नव्हतं, हात लांब करून पुढं धरलेलं. शेजारी सहा-सात वर्षांचा नातू बसला होता आणि खडे तो काढत होता. मी बघत उभा राहिलो. बसा म्हणाल्या, बसलो. काय बोलावं कळेना म्हणून सवयीनं डायरी काढली, आणि तशीच सवयीनं सुई. त्यांना दिली. त्यांनी दोरा ओला केला, पीळ दिला, अगदी पूर्वीच्याच सफाईनं. मग सुई डोळ्यांपासून लांब, आणखी लांब, हात पुरेना इतकी लांब धरली. दोऱ्याचं टोक नेढ्याच्या शेजारून गेलं. पुन्हा गेलं.

"साहेब," त्या म्हणाल्या, "सुया आता बारीक करायलेत का?"

जवळचं बघायच्या चष्म्याला आपल्या भाषेत नावच चाळिशी आहे. चाळीस ओलांडलेल्या माणसाला जवळचं दिसेनासं होतं, हे आपल्या आज्या-पणज्यांना इतकं माहीत होतं की वयाचं नाव वस्तूला पडलं. माझ्या वडिलांना चाळिशी लागली तेव्हा त्यांनी पेपर वाचायला त्याच आठवड्यात ती आणली होती. मामींना पेपर वाचायचा नव्हता. म्हणून त्यांना चाळिशी लागली असेल हे कुणालाच सुचलं नाही, त्यांना स्वतःलाही नाही. पाच मिलिमीटरची कळी दिवसाला शेकड्यांनी उघडणाऱ्या बाईला पेपर वाचणाऱ्यापेक्षा चष्म्याची गरज जास्त, हे कृषी पदवीधराच्या डोक्यात यायला हवं होतं.

जालन्यात श्री गणपती नेत्रालय आहे, तेही बारवाले यांनीच उभं केलेलं. मामींना घेऊन गेलो. प्रश्न फक्त जवळच्या नंबरचा निघाला. चष्मा आला त्या दिवशी त्यांनी ओट्यावरच कळी मागितली. मी खिशातून रुमालात बांधून आणलेल्या कळ्या काढल्या. त्यांनी एक उघडली, पुंकेसर काढले, मोजून माझ्या तळहातावर ठेवले, सहा. मग दोन्ही हातांनी चष्मा काढून पदरानं पुसला आणि किती तरी वेळ पुसतच राहिल्या.

टोळी परत आली. त्या हंगामात आमचं नुकसान झालंच, मधले दिवस परत मिळाले नाहीत. लॉट मात्र पास झाला.

पण मला झोप लागत नव्हती ती वेगळ्याच कारणानं. बारा वर्षं मी सुईनं माणसं निवडत होतो. पस्तिशी-चाळिशी उलटलेल्या किती बायांना मी खुरपणीला धाडलं होतं? मी समजत होतो की मी हात पारखतोय. मी चष्मा नसलेले डोळे पारखत होतो. पुढच्या हंगामात पाळण्याजवळच्या त्या बाईला चष्मा देऊन पुन्हा सुई दिली. तिनं पहिल्याच दमात ओवली. ती पुढं आठ वर्षं क्रॉसिंगला होती, आणि तिच्या ओळीत मी सेल्फ फळ क्वचितच पाहिलं. तरुण पोरींचा हात वेगवान, पण दुपारी तीननंतर त्यांचं मन भरकटतं. या वयाच्या बायांना एका जागी चित्त ठेवायची सवय आयुष्यानंच लावलेली असते. आणि त्या टिकतात. सासर-माहेर, बाळंतपण, नवऱ्याची बदलती कामं हे सगळं त्यांच्या मागं पडलेलं असतं. मला हवी असलेली माणसं नेमकी तीच होती, ज्यांना माझी परीक्षा वगळत होती.

मग दर हंगामाच्या सुरुवातीला बायांचे डोळे तपासून घ्यायचं सुरू केलं. चष्मे दिले तरी घालायला बाया तयार नसत. म्हातारी दिसते म्हणून सासू बोलते, गावात हसतात. घामानं काच ओली होते, चष्मा घसरतो. मामींनी दोन काड्यांना नाडी बांधून मानेमागं गाठ मारायची पद्धत काढली, आणि टोळीची म्होरकी घालते म्हटल्यावर बाकीच्याही घालायला लागल्या. कंपनीत हा खर्च कुठल्या खात्यावर टाकायचा यावर चर्चा व्हायची. २०१८ साली मला 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासाचा वृत्तांत वाचायला मिळाला. आसामच्या चहाच्या मळ्यांत चाळिशीपुढच्या सुमारे साडेसातशे मजुरांपैकी निम्म्यांना जवळचा चष्मा लगेच दिला, निम्म्यांना अभ्यास संपल्यावर. ज्यांना आधी मिळाला त्यांची पानं खुडणी इतरांच्या तुलनेत सुमारे २२ टक्के जास्त वाढली. ते कात्रण मी बैठकीत वाचून दाखवलं. त्यानंतर खात्याचा प्रश्न निघाला नाही.

कार्यालयातल्या, म्हणजे पगारी मुलांबद्दलही लिहायला हवं, पण तिथं माझ्याकडं सांगण्यासारखं थोडं आहे. कृषी पदविका घेतलेली मुलं यायची, दोन वर्षांत स्पर्धा परीक्षा नाही तर पुणं. त्यांना मी अडवलं नाही. जी मुलं टिकली ती याच तालुक्यांतली होती, ज्यांची आई नाही तर मावशी कधीतरी चिमटा घेऊन ओळीत बसलेली. मामींची सून बारावी झालेली. तिला मी प्लॉटवर पर्यवेक्षक म्हणून घेतलं. शेतकरी कुरकुरले की बाईमाणूस काय देखरेख करणार. दोन हंगामांनी तेच शेतकरी तिला आपल्याच प्लॉटवर पाठवा म्हणून फोन करायला लागले. आडोसा कुठं हवा हे तिला विचारायची वेळ कधी आली नाही.

२०२० चा मे महिना. आमचं क्रॉसिंग नव्हतं, पण उन्हाळी प्लॉटची फळं तोडणीला आली होती आणि टाळेबंदीनं रस्ते बंद होते. मी रोज फोनवर होतो. ८ मेच्या सकाळी फोन आला तो प्लॉटवरून नव्हता, घरातून होता. करमाडजवळ रेल्वे रुळांवर मालगाडीखाली सोळा मजूर गेले. जालन्यातल्या पोलाद कारखान्यात काम करणारे, मध्य प्रदेशातल्या शहडोल आणि उमरिया जिल्ह्यांतले. काम थांबलं होतं, पैसे संपले होते, भुसावळहून गाडी मिळेल म्हणून रुळांनी चालत निघाले, आणि पहाटे थकून रुळांवरच झोपले. त्यांच्या सोबतच्या भाकरी रुळांवर पसरलेल्या होत्या, ते छायाचित्र सगळ्या देशानं पाहिलं. मी ज्या शहरात वीस वर्षं राहतो तिथून ती माणसं रात्री बाहेर पडली आणि शहराला कळलंही नाही. तापलेल्या भट्टीसमोर उभं राहणारा माणूस म्हणजे कारखान्याचा कणा, आणि काम थांबलं त्या दिवशी तो कुणाचाच नव्हता. मला माझ्या हजेरीपुस्तकात नसलेल्या बाया आठवत होत्या. त्यांना गावी घरं होती, एवढाच फरक.

त्याच दुपारी मी सगळ्या टोळ्यांच्या म्होरक्यांना फोन केले. कुणाच्या घरी धान्य किती दिवसांचं आहे, कुणाचा नवरा कुठं अडकलाय. दोघींचे नवरे जालन्यातच रोलिंग मिलमध्ये होते. ऑर्गनायझरकडं माझ्या स्वतःच्या नावावर उचल मागितली आणि बायांना आठवड्यानं पोचती केली. त्या वर्षी दिवाळीनंतर माझ्या टोळ्यांतून कोयत्यावर गेलेली जोडपी बोटांवर मोजण्याइतकी होती. मी ते पैसे त्यासाठी दिले नव्हते, पण झालं ते असं.

२०२२ चा खरीप माझा शेवटचा. देऊळगाव राजाच्या रस्त्यावर एक नवा प्लॉट होता, बाया नव्या, मुकादम नवा. मामींना आता चिमटा धरवत नाही, हात किंचित कापतो, पण निवडीच्या दिवशी त्या माझ्यासोबत यायच्या. रांगेत तिसरी बाई बेचाळीस-पंचेचाळीसची असेल. मी डायरी उघडली. मामींनी माझ्या हातातून सुई घेतली आणि आपल्या पदराला टोचून ठेवली.

"घरी लहान कोण हाये?" त्यांनी बाईला विचारलं.

"नातू. दोन वर्षांचा."

"त्याला आण संगं. पाळणा हाये." मग पिशवीतून एक डबी काढली, आतून चष्मा काढून तिच्यासमोर धरला. नाडी बांधलेला.

बाईनं तो हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला. "कुणाचा हाय ह्यो?"

"प्लॉटचा," मामी म्हणाल्या. "आधी लाव. सुई मग देते."